बुटाला चिकटलेलं वावर

अकोल्याच्या जठारपेठेत अंदमानला जाऊन आलेलं घर शोधायला फार फिरावं लागत नाही. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की यात्रा कंपन्यांच्या जाहिराती सुरू होतात. अकोल्याहून रेल्वेनं मुंबई नाहीतर नागपूर, तिथून विमानानं चेन्नई किंवा कोलकाता आणि पुढे पोर्ट ब्लेअर. २०२४ मध्ये त्या शहराचं नाव श्रीविजयपुरम झालं, आपल्या तोंडी अजून जुनंच आहे. मराठी माणूस तिथे नुसता समुद्र बघायला जात नाही. ४ जुलै १९११ रोजी सावरकरांना त्या बेटावर उतरवण्यात आलं आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांनी तिथे काढली. सेल्युलर जेलमधल्या त्यांच्या कोठडीसमोर उभं राहावं म्हणून माणसं वर्षानुवर्षं पैसे साठवतात. गुडघे दुखत असताना म्हातारी माणसं तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढतात, दारात हात जोडतात आणि डोळे पुसतात. या श्रद्धेबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच पुढचं लिहायचं धाडस करतो आहे.

ही श्रद्धा कोठडीच्या दाराशी थांबते. जेलच्या भिंतीवर कुणी नख ओढलं तर आपण त्याला चारचौघांत झापू. पण त्याच दिवशी दुपारी आपलीच मंडळी समोरच्या बेटावर हरणांना बिस्किटं घालतात, दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचे शंख पिशवीत भरतात आणि तिसऱ्या दिवशी उथळ पाण्यात पोवळ्यावर पाय रोवून फोटो काढून घेतात. यांतल्या कुणाच्याही मनात वाईट नसतं. बेटांच्या बाबतीत अडचण हीच आहे. बेटाचं नुकसान करायला वाईट हेतू लागत नाही. चांगल्या मनानं आणि मोकळ्या हातानं वागलेला पाहुणाही तिथे असं काही करून जातो, जे पुढची शंभर वर्षं निस्तरता येत नाही.

आधी बेटांचा आकार लक्षात घ्यावा. अंदमान आणि निकोबारची सगळी लहानमोठी बेटं मिळून साधारण ८,२४९ चौरस किलोमीटर जमीन होते. आपला एकटा अमरावती जिल्हा १२ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे मेळघाटापासून दर्यापूरपर्यंतच्या जमिनीत ही सगळी बेटं सहज बसतील आणि तरी जागा उरेल. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ३ लाख ८० हजार होती. करोनाच्या आधी वर्षाकाठी येणारे पर्यटक मात्र पाच लाखांच्या घरात गेले होते. यजमानांपेक्षा पाहुणे जास्त, असं हे घर आहे. निकोबार बेटं पर्यटकांना बंद असल्यानं हे सगळे पाहुणे अंदमानातल्या मोजक्या बेटांवर, मोजक्या किनाऱ्यांवर उतरतात. ‘माझ्या एकट्याच्या एका शंखानं काय होतंय’ या प्रश्नाचं उत्तर या आकड्यातच आहे.

बेटावरचा जीव इतका हळवा का असतो, हे समजून घेतलं तर पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. अंदमानात मूळचे मोठे प्राणी जवळजवळ नाहीतच. रानडुक्कर, उदमांजर, वटवाघळं, चिचुंद्र्या असा मोजकाच सस्तन प्राण्यांचा पसारा. हरीण नाही, माकडांचे कळप नाहीत, बिबट्या नाही, कोल्हा नाही. हजारो वर्षं कुणी झाडाची कोवळी फूट खायला आलंच नाही, तेव्हा त्या झाडांना काट्याची किंवा कडवटपणाची गरज पडली नाही. कुणी अंडी पळवायला आलं नाही, म्हणून कित्येक बेटांवरचे पक्षी जमिनीवरच घरटी करायला शिकले. मॉरिशसचा डोडो असाच उडायचं विसरला होता. डच खलाशी १५९८ मध्ये तिथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. खलाशांनी मारून खाल्ले ते खाल्लेच, पण त्यांच्या जहाजातून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी अंडी-पिल्लं फस्त केली. मुख्य भूमीवर एखादा जीव एका खोऱ्यातून हाकलला गेला तर दुसऱ्या खोऱ्यात टिकतो. बेटावर दुसरं खोरं नसतं.

आता त्या हरणांकडे येतो. पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटावर, ज्याचं नाव २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप ठेवलं गेलं, तिथे उतरल्याबरोबर चितळ जवळ येतात. इंग्रजांच्या पडक्या वाड्यांना वडाच्या मुळांनी मिठी मारलेली, त्या पार्श्वभूमीवर माणसाच्या हातून खाणारं हरीण. फोटोसाठी यापेक्षा काय हवं? नारनाळ्याच्या जंगलात जीपमधून लांबून दिसणारं चितळ इथे हाताला हुंगतं, म्हणून आपल्या लोकांना त्याचं फार अप्रूप. पण हे चितळ त्या बेटांचं नाहीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शिकारीसाठी आणि शोभेसाठी ते मुख्य भूमीवरून नेलं. चितळ चांगलं पोहतं, त्यामुळे ते एका बेटावरून दुसऱ्यावर पसरलं. त्याला खाणारा वाघ-बिबट्या तिथे नव्हता. स्वातंत्र्यानंतर बिबटे नेऊन सोडण्याचा प्रयोगही झाला, त्यांचा पुढे काही मागमूस लागला नाही. अभ्यासकांनी चितळ असलेली आणि नसलेली बेटं ताडून पाहिली, तेव्हा दिसलं की चितळ जिथे आहे तिथे जंगलाच्या तळाची रोपं आणि झुडपं विरळ होतात आणि त्या झुडपांच्या आधारानं राहणारे सरडेही कमी होतात. वरून बघावं तर जंगल हिरवंगार. खाली नवी पिढीच उगवत नाही.

मेळघाटात चितळ जंगलाचा कणा आहे, वाघाचं जेवण आहे. तेच चितळ अंदमानात जंगलाच्या मुळावर येतं. प्राणी वाईट किंवा चांगला नसतो, जागा त्याला तसं करते. हे एकदा पटलं की बिस्किटाचा पुडा पिशवीतच राहील. बिस्किटानं चितळांची संख्या वाढते असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते वेगळंच. पाहुणा ज्याला प्रेमानं खाऊ घालतो त्याला हटवणं तिथल्या वन खात्याला कधीच शक्य होत नाही. आपला लाडच त्या जनावराचं संरक्षक कवच होतो, आणि ज्या सरड्याला, ज्या रोपट्याला कुणी खाऊ घालत नाही, ते मुकाट्यानं जातं.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलंच आहे. मृगाच्या पहिल्या दमदार पावसात डबक्याकाठी जर्द पिवळे होऊन ओरडणारे मोठे बेडूक वऱ्हाडात कुणी पाहिले नाहीत? पिकावरचे किडे खातात म्हणून शेतकरी त्यांना आपलं मानतो. हाच बेडूक या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत अंदमानात पोचला. कसा पोचला, तर मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून नेलेल्या मत्स्यबीजाच्या पाण्यात त्याचे बेडकुले गेले असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. हे बेडकुले मांसाहारी असतात. एकाच डबक्यात असले तर ते स्थानिक बेडकांच्या बेडकुल्यांचा फडशा पाडतात. मोठा झालेला बेडूक सरडे, लहान साप, कोंबडीची पिल्लं, जे तोंडात मावेल ते गिळतो. मत्स्यबीज नेणाऱ्या माणसाला चार पैसे मिळवायचे होते, बस. पाण्याच्या पिशवीत आणखी काय आहे हे त्यानं बघितलं नाही, आणि बघायला हवं हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

शंखी गोगलगायीचंही असंच. ही मूळची पूर्व आफ्रिकेची. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं, तेव्हा ती तिथे आली असं मानतात. भाजीपाला, नारळाची रोपं, काहीही ती सोडत नाही. हीच गोगलगाय २०२२ च्या खरिपात लातूर, उस्मानाबाद, बीड भागात सोयाबीनवर तुटून पडली. रात्रीतून उगवलेली रोपं सपाट झाली, काहींना दुबार पेरणी करावी लागली, सरकारला नुकसानभरपाई जाहीर करावी लागली. मराठवाड्यातला तो शेतकरी बेटावर राहत नाही, तरी त्याची ही दशा झाली. सगळीकडून समुद्रानं वेढलेल्या लहानशा बेटावर तिनं काय केलं असेल याचा अंदाज त्याला विचारावा.

‘मूळचं’ आणि ‘बाहेरचं’ असा भेद करणं बरोबर आहे का, असा प्रश्न इथे कुणी विचारील, आणि तो विचारायलाच हवा. वऱ्हाडच्या वावरात आज जे उभं आहे त्यातलं किती आपलं? मिरची, भुईमूग, टमाटे अमेरिका खंडाकडून आले. सोयाबीन चीनकडचं. पऱ्हाटीसुद्धा आता बहुतेक ठिकाणी अमेरिकन जातीची, देशी कापूस पार कोपऱ्यात गेला. या सगळ्यावर आपण जगतो. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेजारी वाढलेल्या गावाला बाहेरच्या बियाण्याचं वावडं असायचं कारण नाही. मग बेटाबद्दलच एवढं सोवळं कशाला?

माझं उत्तर मोर्णेच्या काठी आहे. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात मोर्णा स्वच्छतेची मोहीम निघाली. तेव्हाचे जिल्हाधिकारी आस्तिककुमार पाण्डेय यांनी हाक दिली आणि हजारो माणसं नदीत उतरली. शाळेची पोरं, वकील, व्यापारी, गृहिणी, सगळे गुडघाभर चिखलात. प्रधानमंत्र्यांनी त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये अकोल्याचं नाव घेतलं. आपण काय काढत होतो? जलकुंभी. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती तिच्या जांभळ्या फुलांच्या देखणेपणामुळे लोकांनी हौसेनं जगभर नेली. त्या दिवशी ट्रॉल्या भरभरून ती काढली गेली, नदीचं पाणी दिसलं, आणि नंतरच्या वर्षांत ती पुन्हा पसरली. सांडपाणी तिचं खत आहे हे खरं, पण बियाणं आणि तुकडा शिल्लक राहिला की ती परत येते हेही तितकंच खरं. आणलेल्या प्रत्येक गोष्टीचं असं होत नाही. मिरची वावराच्या धुऱ्यापलीकडे जाऊन जंगल गिळत नाही, जलकुंभी नदी गिळते. शंभरातली कुठली गोष्ट मिरची ठरेल आणि कुठली जलकुंभी, हे आणताना कुणालाही सांगता येत नाही. मुख्य भूमीवर असा जुगार हरलो तर एक नदी जाते आणि हजारो माणसं ती परत मिळवायला झटतात. बेटावर हरलो तर त्या बेटाशिवाय जगात कुठेच नसलेला जीव जातो. म्हणून सोवळं.

एका बेटाची गोष्ट तर प्रत्येकानं ऐकावी अशी आहे. अंदमानच्या पूर्वेला नारकोंडम नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे, जेमतेम सात चौरस किलोमीटरचं. अकोला शहराच्या हद्दीत ते कितीतरी वेळा मावेल. जगात नारकोंडमचा धनेश फक्त तिथेच आहे. तिथल्या पोलीस चौकीतल्या लोकांनी खाण्यासाठी शेळ्या नेल्या. शेळ्या रानात सुटल्या, वाढल्या आणि धनेशाला फळं देणाऱ्या झाडांची रोपं त्यांनी उगवल्या उगवल्या खाल्ली. झाडं मोठी होती तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे शेळ्या हटवल्या गेल्या. संशोधक रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिथे मोजणी केली तेव्हा सुमारे हजार धनेश असल्याचा अंदाज निघाला. एवढ्याशा जागेत धनेशांची इतकी दाटी जगात दुसरीकडे नोंदलेली नाही. शेळ्या वेळेवर निघाल्या, आणि आजही तिथे पर्यटक जाऊ शकत नाही, हे फार चांगलं आहे. काही जागा न बघण्यातच त्यांच्यावरचं प्रेम असतं, एवढं मोठं मन आपल्याला करता आलं पाहिजे.

किनाऱ्यावरच्या शंखांविषयी थोडं थांबून सांगतो, कारण इथे आपल्या लोकांचा हात सगळ्यात सैल असतो. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी शहीद द्वीपाच्या, म्हणजे जुन्या नील बेटाच्या, वाळूवर खाली बसून बघावं. पडलेले शंख चालायला लागतात. आत संन्यासी खेकडा असतो. त्याच्या अंगाचा पुढचा भाग टणक, मागचा पोटाचा भाग मऊ आणि उघडा, शंखाच्या वळणासारखाच पिळलेला. तो वाढतो, शंख वाढत नाही. मग तो रिकामा शंख शोधत फिरतो. सापडला की आधी नांगीनं त्याचं तोंड चाचपतो, आत नांगी घालून वाळू काढतो, उलटासुलटा करून तोलून बघतो. पटलं तर क्षणात जुन्यातून मागचं अंग ओढून नव्यात सरकवतो, कारण तेवढा एक क्षण तो पूर्ण उघडा असतो. त्यानं सोडलेल्या शंखात त्याच्याहून लहान खेकडा शिरतो, त्याच्या शंखात आणखी लहान. आपण उचललेला मोठा सुंदर शंख म्हणजे या सगळ्या ओळीचं पहिलं घर. ते गेलं की मागचे सगळे अडकतात. जगातल्या कित्येक किनाऱ्यांवर असे खेकडे प्लॅस्टिकच्या बाटलीचं टोपण पाठीवर घेऊन फिरताना आढळले आहेत.

कायदाही स्पष्ट आहे. २००१ पासून पोवळी आणि शंखांच्या कित्येक जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आल्या आहेत. मेलेलं, किनाऱ्यावर वाहून आलेलं पोवळंसुद्धा घरी आणता येत नाही. परतीच्या वेळी विमानतळावर पिशव्या तपासतात आणि शंख काढून घेतात. पण काढून घेतलेला शंख काही त्या खेकड्यापर्यंत परत जात नाही. विमानतळावर पकडला जाण्याची भीती हे कारण पुरेसं नाही. उचलण्याच्या आधीच हात थांबायला हवा.

पोवळ्याचंही तसंच आहे. गोल दगडासारखं दिसणारं पोवळं वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतं. आपल्या एका पायाखाली मोडतं ते आपल्या आज्याच्या काळात वाढायला लागलेलं असतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यानं अंदमानातली पोवळी पांढरी पडली. त्यातून सावरणाऱ्याला पुन्हा पायानं तुडवायचं? पोहता येत नसेल तर काचेच्या तळाची नाव आहे, तीतून बघावं. अंगाला लावायचं सनस्क्रीन जाडजूड फासून पाण्यात उतरण्याऐवजी लांब बाह्यांचा सदरा घालावा. पलाऊ या प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या देशानं २०२० पासून पोवळ्यांना घातक रसायनं असलेली सनस्क्रीनं देशात आणायलाच बंदी केली. येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टावर तिथल्या मुलांना उद्देशून एक प्रतिज्ञा उमटवतात आणि पाहुण्याला तीवर सही करावी लागते. आपल्याकडेही शिस्त आहे. वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटाला जाताना जेटीवर प्लॅस्टिक काढून ठेवायला लावतात, पाण्याच्या बाटलीसाठी अनामत घेतात. हे बेट आणि रेड स्किन आळीपाळीनं सहा-सहा महिने बंद ठेवतात. तिथल्या कर्मचाऱ्याशी वाद घालणारे मराठी आवाज ऐकू येतात तेव्हा जिवाला लागतं.

अंदमानातल्या जारवा आदिवासींबद्दल एकच वाक्य. ती माणसं आहेत, त्यांना प्राण्यांच्या ओळीत बसवणारी ‘जारवा दिसले का?’ ही चौकशी आपल्या तोंडी शोभत नाही, आणि त्यांच्या राखीव क्षेत्रातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी न थांबवणं, फोटो न काढणं, काहीही न देणं हा कायदाही आहे आणि १९९९ मध्ये त्यांच्यात पसरलेल्या गोवरानं शिकवलेला धडाही.

आता आणखी नाजूक विषय. सेल्युलर जेलच्या आवारातली माती डबीत भरून आणायची, देवघरात ठेवायची, अशी इच्छा अनेकांना होते. भावना मोठी आहे. तरीही माझं म्हणणं आहे की ती माती कपाळाला लावावी आणि तिथेच ठेवावी. मातीच्या चिमटीत तणांच्या बिया असतात, बुरशी असते, मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमी असतात. तिथून इकडे येताना जे लागू, तेच इथून तिकडे जाताना. आणि इथूनची माती तर आपण नकळत नेतोच. आपल्या बुटाच्या तळव्याच्या खाचांत काळी माती घट्ट बसलेली असते. पाऊस पडून गेल्यावर वावरातून आलेला बूट कसा दिसतो हे वऱ्हाडात सांगायची गरज नाही. पायमोज्यात कुसळं, साडीच्या काठाला आघाडा, बॅगेच्या चाकात गोखरू. गाजरगवताचं एक झाड हजारोंनी बिया टाकतं, आणि निंदण करताना त्याच्यामुळे ज्यांच्या हाताला पुरळ उठते त्या बायांना तण म्हणजे काय हे विचारावं. ते गाजरगवत मूळ अमेरिकेतलं. १९५० च्या दशकात पुण्यात दिसलं आणि आज धुऱ्याधुऱ्यावर आहे. त्यावर मेक्सिकोहून भुंगे आणून सोडावे लागले, तरी ते गेलं नाही. हे भोगलेला शेतकऱ्याचा मुलगा बेटावर जाताना बूट घासून जाणार नाही तर कोण जाईल? घरातून निघण्याआधी मोरीत बसून ब्रशानं तळवे घासायला दहा मिनिटं लागतात. न्यूझीलंडच्या विमानतळावर प्रवाशाचे बूट उलटे करून बघतात, माती दिसली तर धुऊन देतात. आपल्याकडे शंख घेऊन येणाऱ्याची पिशवी तपासतात, माती घेऊन जाणाऱ्याच्या बुटाकडे कुणी बघत नाही.

‘ग्रेट निकोबारला १३० चौरस किलोमीटर जंगल तोडायचं ठरलंय, तिथे बंदर आणि विमानतळ होणार, आणि तुम्ही आम्हाला बूट घासायला सांगता?’ हा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याआधी २०२१ मध्ये गलाथिया खाडीच्या अभयारण्याचा दर्जा काढला गेला. ही खाडी म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या समुद्री कासवाची, चामडपाठीची, अंडी घालण्याची जागा. तोडलेल्या सदाहरित जंगलाच्या बदल्यात हरियाणात झाडं लावायची हा हिशेब कुठल्याही शहाण्या माणसाला पटणार नाही. मी या प्रकल्पाच्या विरोधात आहे, हे लपवायचं काही कारण नाही. पण म्हणून पर्यटकानं हात झटकावेत हे पटत नाही. बेटांसाठी लढलेल्यांत मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी होती, पुण्याची कल्पवृक्ष होती, बेटांवरच्याच संस्थेबरोबर त्यांनी केलेल्या याचिकेवर मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथली वृक्षतोड रोखणारा आदेश दिला. पुण्याचे पंकज सेखसारिया वर्षानुवर्षं या बेटांवर लिहीत आले. त्यांच्या लढ्याला बळ कुठून येतं? ज्यांना ती बेटं आपली वाटतात अशा हजारो माणसांतून. दरवर्षी तिथे जाऊन कृतार्थ होणारा मराठी माणूस त्या हजारांत नसेल तर मग कोण असणार? शंख घरी ठेवून जंगलतोडीवर बोलणाऱ्याचा आवाज चढत नाही.

पर्यटन बंद करा, असं मी म्हणत नाही. तिथल्या नावाड्यांचं, खानावळवाल्यांचं पोट त्यावर आहे, आणि नीट केलेलं पर्यटन जीव वाचवतं हे आपण कोकणात पाहिलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला पूर्वी कासवाची अंडी खाल्ली-विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास तिथे अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले. पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, गावचंच जेवतात, दोरीच्या अलीकडे उभे राहतात, फ्लॅश मारत नाहीत. नियम गावाचा आणि पाळायचा पाहुण्यानं. एकदा बिघडलेलं सावरायला मात्र किती वर्षं लागतात, ते मॉरिशस सांगतो. तिथेही मराठी माणसं १८३० च्या दशकापासून आहेत, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या देशात भारतातून नेलेलं मुंगूस १९०० मध्ये उंदीर मारायला सोडलं गेलं आणि ते पक्ष्यांवर उलटलं. १९७४ मध्ये तिथल्या केस्ट्रेल या शिकारी पक्ष्याचे जगात फक्त चार पक्षी उरल्याचं माहीत होतं. अंडी काढून उबवणं, पेट्या टांगणं, मुंगसांना सापळे लावणं असं कित्येक वर्षं चिकाटीनं केल्यावर तो शेकड्यांनी झाला. जपाननं अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये सोडलेली मुंगसं संपायला २०२४ उजाडावं लागलं. सोडायला एक दिवस, काढायला पंचेचाळीस वर्षं.

हे सगळं अंदमानला जाणाऱ्याला कुठे शिकता येईल? आपल्या दाराशीच. नारनाळा, काटेपूर्णा, मेळघाट ही पऱ्हाटी आणि तुरीच्या समुद्रातली बेटंच आहेत. तिथून हरवलेला जीव परत यायला वाट सापडत नाही. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, आणि नंतर तो मेळघाटातही असल्याचं कळलं. आता त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला फोटोसाठी फांदीवर बोलावतात. तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा आला असं समजून घरटं सोडून धावतो. चिखलदऱ्याला वानरांना कणीस देणारा आणि रॉस बेटावर चितळाला बिस्किट देणारा हात एकच आहे. मेळघाटच्या वाटांच्या कडेनं रायमुनिया आणि रानतुळस पसरली आहे, तीही बाहेरूनच आत आली.

जठारपेठेतल्या यात्रा आयोजकांकडे माझी मागणी साधी आहे. निघण्याआधी ते प्रवाशांची बैठक घेतात, ओळखपत्र, औषधं, छत्री, उलटीच्या गोळ्या अशी यादी वाचून दाखवतात. त्या बैठकीत अर्धा तास बेटासाठी द्यावा. बूट घासून या, शंख-माती आणायची नाही, रोपं न्यायची नाहीत, कुणालाही खायला घालायचं नाही, रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारायची नाही, कारण कासवं त्या उजेडाला भुलतात. सोबत येणाऱ्या व्यवस्थापकाला हे मोडणाऱ्याला टोकायचा अधिकार द्यावा. आणि हे अंगवळणी पडावं म्हणून सुरुवात अकोट तालुक्यातल्या शहानूरच्या गेटपासून करता येईल. नारनाळ्याला जाणाऱ्या जिप्सीत बसण्याआधी पर्यटकांनी बूट घासण्यासाठी तिथे एक ब्रश बांधून ठेवावा, पाण्याची एक टाकी आणि माती बाहेर जाणार नाही असा एक लहानसा हौद. येत्या हंगामात हे व्हावं म्हणून वन खात्याला अर्ज द्यायचा आहे, आणि त्यावर सह्या करायला अंदमानला जाऊन आलेल्यांनी आधी यावं.